डाव्या पायाचे मोजे

“अहो कोकिळाताई, हे दोन-दोन कशाला?”

सुंदरबाईंनी ओट्यावर मोज्यांची रास मांडली होती आणि एकेक उचलून त्या उलटसुलट करून बघत होत्या. लाल मखमलीचा मोजा, वर पांढरी लोकरी किनार, किनारीखाली सोनेरी धाग्यात भरलेलं नाव : सेवंती. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. त्यावरही सेवंती. एकाचं पाऊल उजवीकडे वळलेलं, दुसऱ्याचं डावीकडे.

कोकिळा मशीनमधली बॉबिन बदलत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “दोन नहीत मंग किती? पोरीसले पाय किती ऱ्हातस, बाई?”

सुंदरबाईंना हसू फुटलं, आणि ते थांबेना. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. दोंडाईच्याच्या बाहेर मुलींचं एक वसतिगृह आहे, ख्रिस्ती मंडळींनी चालवलेलं. डोंगरातल्या पाड्यांवरून शिकायला आलेल्या लहान मुली तिथं राहतात, आणि सुंदरबाई तिथल्या मेट्रन. मुलींच्या उवांपासून तापापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

“ताई, नाताळचा मोजा पायात घालायचा नसतो. टांगायचा असतो, पलंगाला. मुली झोपल्या की त्यात खाऊ भरायचा. सकाळी उठून आपापल्या मोज्यात हात घालायचा. प्रत्येकीला एकच.”

“एकच?” आता कोकिळाने मान वर केली. “आनि दुसरा पाय?”

“दुसरा पाय गोधडीत!”

मग दोघीही हसल्या. पण कोकिळाचं हसणं अर्ध्यावर थांबलं. तिनं रास पाहिली. सगळी मेहनत दुप्पट झाली होती. सुंदरबाईंनी तिला मोबाइलवर मोज्याचा फोटो दाखवला होता. फोटोत एकच मोजा होता, हे खरं. पण चपलेच्या दुकानात बाहेर एकच चप्पल मांडलेली असते, म्हणून कोणी एकच घेऊन घरी जातं का? तिनं तेवढ्याच भरवशावर कापड बेतलं होतं. डावा-उजवा चुकू नये म्हणून मशीनवर प्रत्येक नाव वेगळं बसवलं होतं.

नावं मात्र तिनं फार जपून भरली होती. ती तिला कोणी लिहून दिली नव्हती. सुंदरबाईंनी मुलींना ओळीनं उभं करून फोनसमोर बोलायला लावलं होतं आणि ते बोलणं कोकिळाला पाठवून दिलं होतं. “मी सेवंती.” “मी रमिला.” “मी जमना, मी दुसरीत शे.” एक जण तर नाव सांगायचं सोडून खोकलीच, आणि मागून सगळ्या खिदळल्या. कोकिळा मशीन चालू करायच्या आधी दर वेळी त्या मुलीचा आवाज ऐकायची. बारा सुयांचं ते मशीन सुरतेहून जुनं घेतलेलं. सुई खालीवर पळायला लागली की घरभर टकटक व्हायची. त्या टकटकीत पोरीचं नाव मखमलीवर उमटायचं. आपलं नाव कापडावर भरलेलं या पोरींनी कधी पाहिलं असेल का, असं तिच्या मनात यायचं. तिनं स्वतःचं पाहिलं नव्हतं.

“मी एकेकच नेते,” सुंदरबाई म्हणाल्या. “उजवे. आणि बालवाडीतल्या बारक्या राहिल्यात अजून, त्यांचे आवाज उद्या पाठवते. त्यांचे मात्र एकेकच करा हं! डावे तुमच्याकडे राहू देत. काही उपयोग होईल का त्यांचा?”

“बघसू,” कोकिळा म्हणाली.

मखमलीची घडी घातली की लव मोडते आणि कापडावर कायमची रेघ पडते. म्हणून सुंदरबाई गेल्यावर कोकिळाने ओट्यावर दोरी बांधली आणि डावे मोजे एकेक चिमट्यानं टांगले. दोरीच्या टोकाला आधीपासूनच एक वस्तू टांगलेली होती. तीही लाल मखमलीचीच. देवाची बंडी.

गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं मंदिर आहे. मार्गशीर्षात तिथं सप्ताह बसतो, आणि त्याच दिवसांत खान्देशात थंडी अशी पडते की पहाटे काकड्याला येणाऱ्यांचे दात टाळांच्या आधी वाजतात. अशा थंडीत देवाला उघडा कसा ठेवायचा? म्हणून सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, देवाच्या अंगात अस्तराची बंडी चढते. ती शिवायचा मान कोकिळाच्या सासरचा. सासूबाई हातानं भरायच्या, वेलबुट्टी, तुळशीची पानं. त्यांचे डोळे गेले तेव्हा कोकिळा भरू लागली, आणि मशीन आल्यावर मशीनवर. तेव्हाही कुजबुज झाली होती की यंत्रावर भरलेलं वस्त्र देवाला चालतं का. पंडित नाना तेव्हा सभामंडपात उभे राहून म्हणाले होते, “माइक बी यंत्रच शे. मंग कीर्तन बंद करी टाकूत का?” कुजबुज तिथंच थांबली होती.

पंडित नाना म्हणजे सप्ताह समितीचे प्रमुख. मिरचीचं मोठं खळं, मोठा आवाज, आणि कीर्तनात मात्र पोरासारखे रडणारे. कोकिळा त्यांना मानायची. दरसाल ते स्वतः बंडी न्यायला यायचे; बंडी दोन्ही हातांवर घेऊन, चप्पल न घालता, गल्लीतून चालत जायचे.

मोजे टांगले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बंडी कुठवर आली ते बघायला आले, आणि ओट्याच्या पायरीवरच थांबले.

“हाई काय शे, कोकिळा?”

“मोजा शेतस, नाना. या ना, बठा.”

“ते माले बी दिसी ऱ्हायनं. कोना शेतस?”

“वसतिगृहमाधल्या पोरीसना. नातायना सन शे ना तठे.”

नानांनी एक मोजा बोटांत धरला. मग बंडीची बाही धरली. पुन्हा मोजा. “मखमल एकच शे का?”

“एकच थान. पारसमल शेठकडे लाल मखमलनं तेवढंच थान व्हतं. आधी बंडी कापी, मंग मोजा.”

“म्हंजे देवना अंगनं कापड आनि पायमाना मोजा एकाच थानमातून? एकाच मशीनवर? आनि तेबी नातायना?” नानांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “तुले काही वाटनं नही?”

“काय वाटाले पाह्यजे व्हतं?”

“तू माले सांगं बी नही.”

“तुमी इचारं बी नही, नाना. मी लगीनसराईले नवरदेवना फेटा भरस, शायना बिल्ला भरस, पोलीसना नावनी पट्टी भरस. ते कव्हय इचारं का?”

नानांनी मोजा सोडला. तो दोरीवर हलत राहिला. समोरच्या ओट्यावर मिरच्या निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

“ऐक,” नाना म्हणाले. “मी तुन्हा भलासाठे सांगस. हाई बठ्ठं वापस कर. राहिलेलं काम सोडी दे. मशीनवर गोमूत्र शिंपड. आनि उद्या संध्याकायले मंदिरमा येईसन समितीपुढे एवढंच म्हन, चूक व्हयनी. मंग बंडी आमी लिसूत. नही ते नही.”

“गोमूत्र शिंपडं ते मशीन जयी जाई. त्यामा कॉम्प्युटर शे, नाना. मंग बंडी बी नही व्हवाव आनि मोजा बी नही.”

समोरच्या ओट्यावरून कोणीतरी फिसकन हसलं. नाना हसले नाहीत. बंडीकडे एकदा बघून ते निघून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज तिनं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला.

झुलाल, कोकिळाचा नवरा, जेवायला आला तेव्हा त्याला सगळं आधीच कळलेलं होतं. तो बाजार समितीत हमालांचा मुकादम; पण गावात त्याची ओळख पखवाजाची. सप्ताहाच्या सातही कीर्तनांना पखवाज त्याचा. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच धरून बसला.

“म्हनी टाक ना वं. ‘चूक व्हयनी.’ तीन शब्द बी नहीत.”

“दोन शेतस.”

“मंग ते आखो सोपं.”

“आनि त्या बारक्या पोरीसनं? आज सुंदरबाईनी त्यासना आवाज धाडा शे. ऐक.” तिनं फोन त्याच्या कानाजवळ धरला. झुलालने ऐकलं. एक पोर नुसतंच “मी, मी, मी” म्हणत होती आणि पुढचं नाव तिला लाजेनं सांगता येत नव्हतं, शेवटी दुसरीच कोणी ओरडली, “ही पिंगी शे!”

झुलालच्या ओठांवर हसू आलं, पण त्यानं ते भाकरीबरोबर गिळलं. “पोरी चांगल्या शेतस. कोन नही म्हनस? पन बंडी तुन्हा सासूपासूननी शे. ती गयी ते घरमातून काय गयं, तुले समजस ना?”

“माले समजस म्हनीसनच सांगस,” कोकिळा म्हणाली. “माले ती बंडी देवना अंगवर पाह्यजे. मन्हा जीव शे तिन्हामा. पन ती जर खोटं बोलीसन चढाडी, ते ती देवले गरम लागी का?”

“मंग मी पखवाज वाजावाव नही. सांगी देस नानाले.”

“वाजाडशी!” ती एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकला. “पखवाज नानाना नही. कीर्तन नानानं नही. तू नही वाजाडं ते महाराजना आवाज आधार कोना लेई? तू तुन्हं काम कर. मी मन्हं करस.”

दुसऱ्या दिवशी बारक्यांच्या मोज्यांसाठी कापड कमी पडलं म्हणून ती पारसमल शेठच्या दुकानात गेली. त्यांच्या तीन पिढ्या दोंडाईच्यात कापड विकण्यात गेल्या आहेत. गादीवर बसल्या बसल्या त्यांना गल्लीतली भांडणं कळतात, आणि ते कोणाचीच बाजू घेत नाहीत, दोन्ही बाजूंना कापड लागतं म्हणून.

“लाल मखमल? थान तर तुम्हीच संपवलं, बाई. टोकाचा तुकडा उरलाय.”

“तोच द्या.”

शेठनी तुकडा झटकला, मापला, पण कात्री उचलली नाही. “एक सांगू का? रागावू नका.”

“सांगा.”

“नानांनी देवाचा पोशाख मागवलाय. तयार. मथुरेहून. माझ्याच ओळखीनं. पार्सल निघालं पण.”

“कधी सांगितलं त्यांनी?”

“परवा.”

कोकिळा दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. नानांनी तिला ‘उद्या संध्याकाळी ये’ म्हटलं ते काल. म्हणजे तिच्या ओट्यावर पाय ठेवण्याआधीच पोशाख ठरला होता. मोज्यांचं त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं, नाही तर सुंदरबाईंची रिक्षा दारात थांबलेली पाहिली होती. ते विचारायला आलेच नव्हते, तिला वाकवायला आले होते. ती चूक झाली म्हणाली असती, तरी बंडी दोरीवरच राहिली असती.

हे लक्षात आलं तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. पण तिच्या कानशिलात काहीतरी तापलं, आणि त्याच्या मागोमाग अंग एकदम हलकं झालं. माणसाच्या हातात काही उरलं नाही की कधी कधी असं होतं.

“बाई,” शेठ हळूच म्हणाले, “मी कापड विकतो. ते देव घालतो का नवरदेव, मी विचारत नाही. मग, फाडू?”

“फाडा.”

संध्याकाळी सभामंडपात मांडव बांधायचं काम चाललं होतं. बांबू, सुतळी, सतरंज्यांचा धूळकट वास. एका कोपऱ्यात झुलाल पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मळत बसला होता. नाना आणि समितीची चार माणसं देवासमोर. कोकिळा आत आली, तिनं देवाला हात जोडले, आणि बायकांच्या बाजूला न बसता ती मंडपाच्या मधोमध उभी राहिली.

“बोल माय,” नाना म्हणाले. आवाज गोड होता.

“चूक व्हयनी,” कोकिळा म्हणाली.

नानांनी सुटकेचा श्वास सोडला. झुलालचा हात कणकेत थांबला.

“नातायना मोजा एकच लागस. मी जोडी शिवी. हाई मन्ही चूक. ती मी सुंदरबाईपुढे कबूल कयी, आते तुमनापुढे बी करस. दुसरी कोनती चूक व्हयनी, ते माले कोनी दखाडा.”

“कोकिळा, मजाक नको—”

“मजाक मी नही कयी, नाना. तुमी पोशाख परवा मांगाडा आनि माले काल इचारं. मजाक कोनी कयी?”

चार माणसांपैकी दोघांनी नानांकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

“ते ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले. “मुद्दा इतलाच शे का पायमानी वस्तू आनि देवनं वस्त्र—”

“पाय?” ती पुढं झाली. “नाना, आठे माणूस काय कराले येस? पायवर डोकं ठेवाले. कीर्तन सरनं का आपू महाराजना पाय धरतस. दसराले मी तुमना पाय धरस. बठ्ठा आपला देव पायमाच शे, आनि मोजाना तुमले इटाय व्हस?” ती थांबली, तिला धाप लागली होती. “जो देव भक्तना घर दयन दये, शेन्या येचे, त्याले मखमलना तुकडाना इटाय? हाई मी मन्हा मनथून नही सांगत. तुमीच दरसाल मोठमोठला महाराज बलाडतस आनि आमले ऐकाडतस. मी काय कानमा बोटे घालीसन बठेल व्हतू का इतला साल?”

मांडववाला बांबूवर चढला होता, तो वरूनच म्हणाला, “बराबर शे.” त्याला खालून कोणीतरी गप्प केलं.

“धर्म येगळा शे त्यासना,” समितीतला एक जण म्हणाला. “आज मोजा, सकाय आखो काही.”

“सकाय काय येस ते सकाय देखसूत. आज त्या पोरीसले त्यासनं नाव पाह्यजे.”

“म्हंजे तुले बंडी नको, मोजा पाह्यजे,” नाना म्हणाले.

“माले दोन्ही पाह्यजेत,” कोकिळा म्हणाली. “तुमले त्यामातलं एक नको. ते तुमनं तुमी देखा.”

ती वळली. दारात तिनं पुन्हा देवाला हात जोडले. मांडवाच्या खांबामुळे देव अर्धाच दिसत होता, तरी जोडले. बाहेर आल्यावर तिला मागून पखवाजावर एक थाप ऐकू आली, एकच. कणीक नीट बसली का ते झुलाल बघत असावा. किंवा दुसरं काही असेल.

बारक्यांचे मोजे तिनं सप्ताहाच्या दिवसांतच पुरे केले. सकाळी काकडा ऐकू यायचा. ती मशीनजवळ बसून त्याच्याबरोबर गुणगुणायची. दुपारी ज्ञानेश्वरीचं पारायण चाले, आणि ती नाव भरे. संध्याकाळी मशीनवर कापड झाकून, धुतलेलं लुगडं नेसून, हरिपाठाला जाऊन बसे. पहिल्या दिवशी बायकांनी तिच्यासाठी जागा केली नाही. ती त्यांच्या मधोमध बसली, मग जागा झाली.

सुंदरबाई मोजे न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की गावात काय चाललंय ते त्यांना कळलंय.

“ताई, मला आधी कळलं असतं तर मी हे काम तुम्हाला दिलंच नसतं. अजून वेळ गेलेली नाही. मी हे परत ठेवते. मुलींना मी काही तरी सांगेन. तुमचा देव तुटायला नको हो, माझ्यामुळे.”

“देव नही तुटत, बाई,” कोकिळा म्हणाली. “माणसे तुटतस. ते बी जुडतस. तुमी लिजा.”

मग तिनं दोरीवरचे डावे मोजेही काढले आणि पिशवीत भरायला लागली.

“अहो, हे कशाला?”

“दोन्ही टांगा. एकमा तुमी खाऊ भरा. दुसरामा पोरी काय भरतीन ते त्यासना त्या भरोत. खडा म्हना, मणी म्हना. पोरीले स्वतःनी वस्तू ठेवाले जागा पाह्यजे ना.”

सुंदरबाईंनी तिचा हात धरला. रिक्षात बसल्यावर त्यांनी कपाळाशी बोटं नेली आणि ओठ हलवले. त्यांची प्रार्थना असेल. कोकिळानेही इकडून हात जोडले.

दोरीवर एकटी बंडी राहिली.

काल्याचं कीर्तन सकाळी उन्हं वर आल्यावर उभं राहिलं. मांडव गच्च. कोकिळा घरून निघाली तेव्हा तिच्या मनात भक्तीपेक्षा हट्टच जास्त होता. तोंड दाखवायचं, मान वर ठेवायची, बस. ती सरळ पुढच्या ओळीत जाऊन बसली. देवासमोर अजून पडदा होता.

महाराज तरुण होते, चोपड्याकडचे. त्यांना बंडीचं, मोज्यांचं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. त्यांनी काल्याचा प्रसंग धरला. गोपाळ रानात बसलेत, आपापली शिदोरी सोडलीय. कोणाची भाकरी करपलेली, कोणाच्या कण्या, एकाच्या फडक्यात तर नुसतं मीठ. तो लाजून फडकं लपवतोय. देवानं त्याच्याच फडक्यात हात घातला. महाराजांनी आवाज वर नेला आणि तिथंच धरून ठेवला, टाळ थांबले, झुलालच्या पखवाजावर बोटं नुसती फिरत होती, दुरून पाऊस यावा तशी. मग महाराज खाली आले, आणि पखवाज असा कडाडला की मांडवाचे बांबू थरारले.

कोकिळाचा हट्ट कुठं गेला ते तिला कळलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती टाळ्या वाजवत होती. पलीकडे पुरुषांच्या बाजूला पंडित नानाही रडत होते. दोघांनी एकमेकांना रडताना पाहिलं. दोघांनीही डोळे पुसले नाहीत.

मग दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या, पडदा सरला.

देव मोरपंखी पोशाखात उभा होता. जर, टिकल्या, मोत्यांची झालर. उन्हाच्या तिरिपेत डोळे दिपत होते. “काय रूप शे!” कोणीतरी म्हणालं, आणि ते खोटं नव्हतं. दर्शनाची रांग लागली. कोकिळा रांगेत उभी राहिली. आपल्या बंडीची जागा तिनं डोळ्यांनी हळूच चाचपली, गळा, खांदे, कमरेवरचे हात. पोशाख सुंदर होता. तिनं मनातल्या मनात ते कबूल केलं.

रांग सरकत होती, पण पुढं काहीतरी बिनसत होतं. बायका वाकायच्या, घुटमळायच्या, आणि कपाळ चोळत उठायच्या. ती जवळ गेली तेव्हा तिला दिसलं. पोशाख घेरदार होता, दुसऱ्या कुठल्या उंच मूर्तीच्या मापाचा. घेर खाली लोळत होता. वीट त्यात बुडाली होती, आणि विटेवरचे पाय कुठंच नव्हते. लोक जरीवर डोकं टेकत होते, आणि जर कपाळाला टोचत होती.

गाभाऱ्याच्या दाराशी तीर्थाची पळी घेऊन नाना उभे होते.

कोकिळा खाली बसली. तिनं पोशाखाची कड दोन्ही हातांनी उचलली, आणि लुगड्याच्या घालाव्यात तशा तिच्या एकसारख्या निऱ्या घातल्या.

“कोकिळा,” नाना म्हणाले.

“थोडं थांबा, नाना.”

तिनं बांगडीत अडकवलेली पिन काढली, ती दातांत धरली, निऱ्या वर घेतल्या, आणि जरीचा धागा तुटणार नाही अशी टोचून पिन बंद केली. मग आपल्या पदरानं पायांवरच्या लाह्या पुसल्या. काळे, गार, जोडीनं टेकलेले पाय. तिनं त्यांवर डोकं ठेवलं आणि हवा तेवढा वेळ ठेवलं.

ती उठली आणि नानांसमोर ओंजळ केली. नाना पिनेकडे बघत होते. मग त्यांनी पळी वाकडी केली. थोडं तीर्थ तिच्या मनगटावर सांडलं. ते पिऊन, ओला हात डोक्यावरून फिरवून, ती काल्याच्या रांगेकडे चालू लागली.

मागची म्हातारी खाली वाकली. तिनं दोन्ही हातांनी ते पाय घट्ट धरले, आणि रांग पुढं सरकेना.